शून्यपतीचा डावा गुडघा

बारा मेलेल्या ग्रहांचा सम्राट, सूर्य विझवणारा, काळाला गाठ मारणारा शून्यपती गेली तीन वर्षं सिंहासनावरून उठला नव्हता. काही प्रेक्षक म्हणायचे, माजलाय. काही म्हणायचे, खचलाय. खरं कारण एवढंच होतं की त्याचा डावा गुडघा कामातून गेला होता. अख्ख्या विश्वात ही गोष्ट डॉक्टर सोडला तर चौघांनाच ठाऊक होती: ज्याचा गुडघा त्याला, त्याच्या बायकोला, त्याला पोशाखात कोंबणाऱ्या मावशींना आणि मालिका लिहिणाऱ्या लेखिकाबाईंना.

ज्याचा गुडघा, त्याला स्टुडिओत सगळे 'आतला' म्हणायचे. रोजच्या हजेरीच्या कागदावर एकाच राक्षसाच्या दोन ओळी असायच्या. एक, 'शून्यपती, आवाज'. दुसरी, 'शून्यपती, आतला'. आवाज म्हणजे बारा महिने सर्दी असलेला एक किरकोळ गृहस्थ. शूटिंग उरकल्यावर तो काचेच्या खोलीत बसून गरजायचा आणि बाहेर आला तरी ते गरजणं त्याच्या घशातून लवकर उतरायचं नाही. चहावाल्याला तो सांगायचा, "साखर... कमी," आणि चहावाल्याला वाटायचं, आता आपलं दुकान काही वाचत नाही.

आतला मात्र गप्प. पोशाखात बोलायचं नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. बोललं की डोळ्यांच्या काचांवर वाफ धरते. एकोणीस वर्षांपूर्वी त्याच्या अंगावर प्लॅस्टर थापून साचा काढला होता, आणि त्या साच्यावर रबर, फायबर आणि लोखंडी पट्ट्या चढवून बत्तीस किलोंचा राक्षस उभा केला होता. तो दुसऱ्या कुणाच्या अंगाला बसायचा नाही. घालायला सव्वा तास लागायचा. झिप पाठीवर होती आणि ती फक्त बाहेरून उघडायची.

म्हणूनच पहिल्या वर्षी मावशींनी आणि त्यानं एक खूण ठरवली होती. छातीवर दोनदा मूठ आपटली की समजायचं, मला बाहेर काढा.

सहाव्या वर्षी एकदा दिव्यांच्या धगीनं आत त्याचा जीव घाबरला. चालू प्रसंगात त्यानं छातीवर दोनदा मूठ आपटली. मावशी कात्री टाकून धावल्या, पण त्यांच्या आधी दिग्दर्शक खुर्चीतून उठला. सगळ्या जगाला 'राजा' म्हणायची त्याची सवय. "वा राजा, काय आणलंस हे! ठेवा, ठेवा, हे ठेवा." ते ठेवलं गेलं. पुढच्या आठवड्यात शाळाशाळांतून पोरं एकमेकांसमोर छाती बडवत उभी राहायला लागली. त्यानंतर लेखिकाबाईंच्या कागदावरच ते येऊ लागलं: शून्यपती छातीवर दोनदा मूठ आपटतो.

खूण अशी प्रसिद्ध होऊन वाया गेली. मावशी टाचण्या तोंडात धरून बोलायच्या, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं ओठांच्या एका कोपऱ्यातून निसटल्यासारखं यायचं. त्या म्हणाल्या, "अरे, आता उजवा पंजा पालथा पसर. पाची बोटं. ते बघितलं की मी येते." नवी खूण ठरली. ती त्या दोघांपलीकडे कुणालाच माहीत नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं.

पहिल्या वर्षी शून्यपतीनं नायकाला एका हातानं उचलून धरलं होतं. नायकाच्या कमरेला तार होती, पण तार अर्धंच वजन घ्यायची. बाकीचं अर्धं आतल्याच्या खांद्यावर. घरोघरी मुलं पलंगाखाली शिरली होती म्हणे. दहाव्या वर्षी तो पळायचा बंद झाला. तेराव्या वर्षी लेखिकाबाईंनी त्याला जिने चढायला लावणं सोडलं. सोळाव्या वर्षी डॉक्टरनं गुडघ्याचा फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाला, "इथे गादी असते ना, ती नाहीये." जसं काही आतल्यानंच कुठे विसरून ठेवली होती. त्या आठवड्यात शून्यपतीला सिंहासन मिळालं. मग तो हस्तक पाठवायला लागला. मग वाटाघाटी करायला लागला. गेल्या वर्षी तर त्यानं एक अख्खा भाग नायकाला आपलं लहानपण सांगण्यात घालवला, बसून.

लोकांनी आपापली कारणं शोधली. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणायचा, "दर शनिवारी हरतो हो, किती दिवस घाबरायचं?" दिग्दर्शक म्हणायचा, "राजा, राक्षस तेवढाच आहे, पोरं मोठी झाली." आवाज नाक शिंकरून म्हणायचा, "पहिल्या वर्षी मला अकरा वाक्यं होती. आता एका भागात दोनशे. एवढं बोलणाऱ्याला... कोण भिईल." आतला सगळं ऐकायचा, मान डोलवायचा आणि घरी जाऊन गुडघ्याला शेक द्यायचा.

आणि मग वाहिनीवर नवा अधिकारी आला.

तरुण होता, चटपटीत होता, दर दोन वाक्यांआड 'बेसिकली'चा टेकू लावल्याशिवाय त्याचं बोलणं उभं राहायचं नाही. त्यानं जेवणाच्या सुट्टीत सेटवरच बैठक घेतली. आतला तेव्हा पोशाखातच होता. सव्वा तास घालून चढवलेलं अर्ध्या तासासाठी कोण उतरवणार, म्हणून तो सुट्टीत सिंहासनावर तसाच बसून राहायचा. अधिकाऱ्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याला तो पुतळा वाटला. त्यानं फाइल पुतळ्याच्या मांडीवर ठेवली, कोपर गुडघ्यावर रोवलं, डाव्याच, आणि बोलायला सुरुवात केली.

"बेसिकली, खलनायक कमजोर पडलाय. मी सगळे भाग मोजलेत. पहिल्या वर्षी यानं बारा ग्रह उडवले. गेल्या वर्षी काय? एक पूल. तोसुद्धा रिकामा. बेसिकली भीती संपली की मालिका संपली."

बोलताना तो कोपरानं ठेका धरत होता. आतल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. काचेवर वाफ धरली.

"याला जबाबदार कोण?" अधिकारी म्हणाला. "नट नाही, तो रबराचा आहे. आवाज चांगला आहे. बेसिकली हे लिखाणाचं अपयश आहे."

सगळ्यांनी लेखिकाबाईंकडे पाहिलं. त्या कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर कागद, कानामागे पेन. त्यांनी एकदाच सिंहासनाकडे पाहिलं. मुखवट्याच्या डोळ्यांत नाही, गुडघ्याकडे.

"लिहिते मीच," त्या म्हणाल्या.

"मग या वर्षीच्या शेवटच्या भागात तो उठला पाहिजे. आणि पहिल्या भागात उचलला होता तसा नायक उचलला पाहिजे, एका हातानं. नाही जमलं तर पुढच्या वर्षी बेसिकली दुसरं कुणीतरी लिहील."

लेखिकाबाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. नियम एकोणीस वर्षांचा होता, म्हणून सिंहासनावरचा राक्षस त्याही वेळी काही बोलला नाही. अधिकाऱ्यानं फाइल उचलली, उठताना गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "काम मात्र छान केलंय हं, अगदी जिवंत वाटतो."

संध्याकाळी आतल्यानं लेखिकाबाईंना फाटकापाशी गाठलं. मुखवट्याशिवाय तो एक टक्कल पडत आलेला, खांद्यानं रुंद, चालण्यानं कललेला माणूस होता. फाटकावरचा पहारेकरी त्याला रोज ओळखपत्र विचारायचा.

"बाई, मी सांगून टाकतो त्याला."

"सांगितलंत तर उद्यापासून तुम्ही घरी."

"आणि नाही सांगितलं तर तुम्ही घरी."

"मी दुसरीकडे लिहीन. तुम्ही दुसरीकडे कुठे शिरणार?" त्या हसल्या, पण ते हसणं नीट बसलं नाही. "मी आले तेव्हा पहिल्या कागदावर लिहिलं होतं, शून्यपती हसतो. तुम्ही येऊन म्हणालात, बाई, मुखवटा हसत नाही, मान जरा वळवली तर चालेल का? त्या दिवसापासून मी तुमच्या पाठीकडे बघून लिहिते. पाठ थकली की राक्षस थकतो. आता त्याला अपयश म्हणतात, म्हणू देत."

त्या रात्री शेक द्यायचा सोडून तो एक वाक्य जुळवत बसला.

दुसऱ्या दिवशी तो अधिकाऱ्याच्या खोलीत गेला. घरातून निघताना वाक्य पाठ केलं होतं: माझा गुडघा गेलाय, बाईंचा दोष नाही. दोनच तुकडे. ते त्यानं जिन्यावर चारदा म्हणून पाहिलं.

"कोण आपण?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"शून्यपती."

"आवाज वेगळा वाटतो."

"मी आतला."

"कशाच्या आतला?"

आतल्यानं हातानं आपल्या अंगाभोवती एक मोठा आकार काढून दाखवला. अधिकाऱ्याला उमगायला वेळ लागला. उमगल्यावर त्याचा चेहरा पडला, कारण त्याला पुतळ्याचा गुडघा आठवला असावा. "अच्छा. म्हणजे काल... बेसिकली तुम्ही ऐकत होतात?"

"हो."

"मग बोलायचं ना."

"आत बोलत नाहीत."

फोन वाजला. अधिकारी फोनवर बोलत राहिला आणि आतला समोर उभा. भिंतीवर मालिकेचं मोठं चित्र होतं, पहिल्या वर्षीचं. एक हात वर, त्या हातात लोंबणारा नायक. तो हात आपला होता. एवढ्या मोठ्या इमारतीत आपलं म्हणावं असं त्या हाताखेरीज काहीच नव्हतं. उद्यापासून तोही नसेल. सकाळी उठून आपण कुठे जायचं, कशात शिरायचं, त्याला दिसेना.

"हं, काय म्हणत होतात?"

"उचलेन," आतला म्हणाला. "शेवटच्या भागात. तेच सांगायला आलो होतो."

घरी बायकोला सांगितल्यावर ती बराच वेळ भांडं पुसत राहिली. एकच भांडं.

"खरं सांगायला गेला होतात ना?"

"हो."

"आणि सांगून काय आलात, तर खोटं."

"एकदाच उचलायचंय गं. एकदा जमेल."

"जमेल," ती म्हणाली. "आणि नाही जमलं तर एक राक्षस मला रोज बाथरूमपर्यंत न्यावा लागेल."

पण तीच मग खुर्ची घेऊन आली. तीन आठवडे तो रोज त्या खुर्चीवरून उठला, उठून गॅसची रिकामी टाकी एका हातानं वर धरायला शिकला. बायको भिंतीशी उभी राहून आकडे म्हणायची. पाचपर्यंत धरायचं होतं. बहुतेक वेळा टाकी तीनला खाली यायची आणि खालच्या मजल्यावरचा माणूस छतावर काठी आपटायचा. दोनदा तो पाचपर्यंत पोचला. दोनदा म्हणजे आशा ठेवायला पुरेसं आणि भरवसा ठेवायला अपुरं. मावशींनी पोशाखाच्या डाव्या पायात पोलादाच्या दोन पट्ट्या शिवून दिल्या. "गुडघा सोडेल, पण पट्टी सोडणार नाही," त्या टाचण्यांमधून म्हणाल्या. "तू फक्त वर जा. उभं मी ठेवते तुला."

शूटिंगच्या दिवशी अधिकारी पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसला. आवाजही आला होता, गळ्याला मफलर गुंडाळून. लेखिकाबाई स्टुलावर. नायक यंदाचा नवीन होता, विशीतला पोरगा, अंगानं भरलेला. तार तीच होती.

"चला राजा," दिग्दर्शक म्हणाला.

आतला उठला. तीन वर्षांनी शून्यपती सिंहासनावरून उठला तेव्हा सेटवर खरंच शांतता पसरली, कारण तो सावकाश उठला, आधी खांदे, मग कंबर, मग तो पाय, आणि वर येताना पोशाख आतून थरथरत होता. त्यानं नायकाचा पट्टा उजव्या हातात धरला आणि उचललं. एक. दोन. पोराचे पाय जमिनीवरून सुटले. तीन.

तीनला गुडघ्यात काहीतरी तुटलं. तुटल्याचा आवाज त्याला एकट्यालाच ऐकू आला. पट्ट्यांनी पाय ताठ धरून ठेवला, त्यामुळे तो पडलाही नाही. मोडलेल्या पायावर बत्तीस किलो राक्षस आणि अर्धा नायक घेऊन तो उभाच राहिला. श्वास कोंडला. काचा पांढऱ्या झाल्या. नवी खूण उजव्या पंजाची होती, आणि उजव्या पंजात एक पोरगा होता.

डाव्या हातानं त्यानं छातीवर दोनदा मूठ आपटली.

"वा राजा!" दिग्दर्शक ओरडला. अधिकाऱ्यानं समाधानानं मान हलवली. मावशींनी कागदात पाहिलं. तिथे तेच लिहिलेलं होतं. त्यानं पुन्हा दोनदा आपटली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

पोराला सोडून पंजा उघडला असता तर आतल्याची सुटका झाली असती. पण खाली दगडी पायरी होती आणि पोराचं डोकं तिच्या बरोबर वर होतं. आतल्यानं, दिसत काहीच नसताना, त्या पोराला हळूहळू खाली आणलं, पाय टेकले का ते चाचपलं, आणि मगच पंजा उघडला. पाची बोटं, पालथी.

मावशी धावल्या. तोवर शून्यपती आडवा झाला होता.

अधिकारी उठून उभा राहिला. "हे काय? नायकाला खाली आपटायचं होतं ना? हळूच खाली ठेवलं? बाळाला ठेवतात तसं? बेसिकली हे कुणी लिहिलं?"

"मी," लेखिकाबाई म्हणाल्या. क्षणभरही न थांबता.

मावशी झिपशी झटत होत्या. आतल्यानं पडल्यापडल्या त्यांचा हात धरून मुखवट्याकडे नेला. मुखवटा निघाला. लाल, घामानं निथळलेला एक चेहरा बाहेर आला. नवा नायक दचकून मागे सरकला; आत कोण असतं ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

"त्यांनी नाही लिहिलं," आतला म्हणाला. सेटवर त्याचा आवाज बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकला. बारीक होता. "माझा गुडघा गेलाय. तीन वर्षं झाली. त्या झाकत होत्या. राक्षस कमजोर नव्हता. मी होतो."

आवाजानं मफलर काढला आणि उगाच हातात धरून उभा राहिला.

"मग हे आधी सांगायचं ना," अधिकारी म्हणाला, आणि या वेळी त्याचं वाक्य टेकूशिवाय उभं राहिलं.

लेखिकाबाईंची नोकरी राहिली, निदान एक वर्ष तरी. आतल्याच्या गुडघ्यात खिळे गेले. पोशाख खांद्याशी उसवून मोठा केला आणि नवा आतला आणला, व्यायामशाळेतला. शेवटचा भाग पुन्हा चित्रित झाला आणि पाठोपाठ पुढच्या वर्षाच्या भागांचं शूटिंगही सुरू झालं.

तो ज्या शनिवारी लागला, त्या संध्याकाळी आतला सोफ्यावर होता. पाय स्टुलावर, काठी हाताशी. बायको शेजारी. पडद्यावर शून्यपती सिंहासनावरून स्प्रिंगसारखा उठला. नायकाला एका हातानं उचललं आणि असा भिरकावला की तो चौकटीतून बाहेरच गेला.

"चांगला आहे," आतला म्हणाला.

"आहे ना," बायको म्हणाली. "उठला काय, फेकला काय. मला मात्र काहीच वाटलं नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही उठायला लागलात की पोटात गोळा यायचा."

"तुला गुडघा माहीत होता म्हणून."

"शेजारच्या पोरींना कुठे माहीत होता? त्याही उशी तोंडावर घ्यायच्या. याला उठताना काही कष्टच पडत नाहीत, तर मी का घाबरू?"

पडद्यावर शून्यपतीनं छातीवर दोनदा मूठ आपटली. लिहिल्याप्रमाणे. मग थोड्या वेळानं पुन्हा दोनदा. तेवढं कुठेच लिहिलेलं नसणार, आतल्याला ठाऊक होतं. तो पुढे वाकला. मुखवट्याच्या डोळ्यांच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या.

"काढा त्याला," तो म्हणाला.

"अहो, महिन्यापूर्वीचं आहे ते."

तो उभा राहिला होता. काठी न घेता. बायकोनं दंड धरून त्याला खाली बसवलं आणि फोन हातात दिला.

"मावशी, तो नवा. त्या दिवशी काही झालं का त्याला?"

"चक्कर आली बाबा," पलीकडून मावशी म्हणाल्या. तोंडात टाचण्या नव्हत्या, त्यामुळे आवाज परक्यासारखा लागला. "पडला. पाणी मारलं. सगळे म्हणाले, सवय नाही पोराला."

"त्यानं छाती बडवली होती."

"ते तर कागदातच..." मावशी थांबल्या.

"त्याला पंजाची खूण कुणी सांगितली?"



"मला वाटलं, तू सांगितलीस."

आतल्यानं डोळे मिटले. आत काय असतं ते त्याला माहीत होतं: रबराचा वास, स्वतःच्याच श्वासाची वाफ, आणि बाहेर टाळ्या. त्या पोरानं जुनी खूण पडद्यावर पाहून उचलली असेल, लहानपणी शाळेत बडवली असेल. तिचा अर्थ काय, हे न कळताच ती नेमकी खऱ्या वेळी त्याच्या हातून निघाली असेल.

"उद्या किती वाजता घालता त्याला?"

"आठला. पण तुझा पाय..."

"मी साडेसातला येतो," आतला म्हणाला. "पहारेकऱ्याला सांगून ठेवा. तो मला ओळखत नाही."